कोगनोळीच्या बांधावर

आदेश सोमवारी पावणेदहाला आला,
फोनवरच आला:
दहापासून फोनवर काही येणार नाही.
वर शिक्का, खाली अर्धी सही,
बाकीचं पान उतरता उतरता
गोल फिरत थांबलं.

कुठल्याशा फलकावरच्या अक्षरांना
कुणी डांबर फासलं होतं म्हणे.
कुठल्या भाषेतल्या, ते दुपारी कळलं, सायकलवरून.
चौकात वेगळं कळलं,
न्हाव्याकडं त्याहून वेगळं.

माझं दुकान निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सरकारी कामं.
त्या दिवशी झेरॉक्स तेवढी चालली.
बाकीच्यांना मी म्हणत राहिलो
मराठीत "नेट नाही", कानडीत "नेट इल्ला री",
मैमूनबीच्या पोराकडं बघून नुसतीच मान हलवली.
त्याच्या डिप्लोमाच्या फॉर्मची मुदत बुधवारपर्यंत.
बुधवार काही बंद नव्हता.

विरुपाक्षीचा टेम्पो नाक्यावर अडकला,
खात्यात पैसे भरता येईनात,
टोल दुप्पट मागतात, आत कोबी घामाघूम.

आणि अक्काताई खोत पायरीवर बसून.
पेन्शनला वर्षातून एकदा अंगठा लागतो,
जिवंत असल्याचा.
"ही काय बसलेय की तुझ्यासमोर," म्हणाली,
"लिही, दिसतीया म्हणून."
माझ्या दिसण्याला किंमत नाही, मावशी.
मग तिनं मांडीवर सूप घेतलं,
कात्रीनं पानं कापत राहिली.
हजार विड्यांना नेट लागत नाही.
मुकादमाच्या वहीला तर नाहीच.

दुसऱ्या रात्री कुणीतरी खबर आणली:
कोगनोळीला, दूधगंगेच्या अलीकडं,
पाटलाच्या उसाच्या बांधावर
पलीकडच्या टॉवरची रेंज येते.
दोन काड्या. वारा पडला तर तीन.

विरुपाक्षीच्याच टेम्पोतून गेलो, आतल्या रस्त्यानं.
अंगठ्याचं यंत्र माझ्या मांडीवर,
मागं कोबीच्या पाल्यात अक्काताई,
मैमूनबीचा पोरगा, त्याची मार्कशीट प्लॅस्टिकमध्ये.

बांधावर साठ-सत्तर माणसं, ओळीनं,
हात वर करून उभी.
कुणी कुणाशी बोलेना.
तेवढ्यात अक्काताईच्या डबड्या फोनवर निरोप वाजला,
मी मोठ्यानं वाचला:
महाराष्ट्रात आपले स्वागत आहे.

आधी शांतता. मग बांधभर हसू फुटलं,
म्हातारी जास्त हसली.
पद्मण्णा मगदूम डोळे पुसत म्हणाले,
"ह्याच्यासाठी हिंडलग्याला एकवीस दिवस काढले मी.
आलं ते असं. एसएमएसनं."
"इरली बिड्री, अण्णा," विरुपाक्षी म्हणाला,
"रेंज बेस हाय."

फॉर्म गेला. टोलचे पैसे भरले.
अक्काताईचा अंगठा लागेना.
पदराला पुसला, खोबरेल लावलं,
डावा लावला, मग करंगळीसुद्धा.
चाळीस वर्षांत अंगठ्याच्या रेषा
तिनं विड्यांत वळून टाकलेल्या.
यंत्र लाल व्हायचं: पुन्हा प्रयत्न करा.

"म्हंजे नेट असतं तरी?"

मी वायर गुंडाळत राहिलो.

गुरुवारी चारला नेट आलं.
वखारीत, एसटी स्टँडवर, दर्ग्यापाशी
फोन एकदम ओरडले.
तुंबलेलं सगळं आलं, वाढदिवस, पत्रिका, एक मरण,
आणि सोमवारचा आदेश, ह्या खेपेला पूर्ण:
अफवांवर विश्वास ठेवू नये.
"कुठली अफवा?" अक्काताईनं विचारलं.
ती काही आली नाही, म्हटलं.

डोळ्याचं यंत्र चिकोडीला आहे, असं ऐकतो.
चालू आहे का, ते माहीत नाही.
पाटलाला बांध तुडवल्याची भरपाई पाहिजे.
अर्ज ऑनलाइनच करायचा,
उद्या येतो म्हणालाय, माझ्याकडंच.